पोटखराब्याचा हिशेब

एखाद्या घराण्याच्या जुन्या शेतीविषयी बोलणे निघाले की आपण दोनच गोष्टी विचारतो. जमीन किती एकर आहे आणि घर कसे आहे. या दोहोंच्या मध्ये जे असते त्याची चौकशी सहसा कोणी करत नाही. आमच्या देवळा तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या मळ्यात गेले तर हे मधले सारे नजरेस पडते. विहीर, तिच्या काठावर मोटेच्या काळातले दगडी थारोळे, बैलांची धाव, गोठा, कडब्याची गंजी, उकिरडा, औजारांची पडवी, सालदाराची खोली, एके काळचे खळे आणि आज बहुधा त्याच जागेवर उभी असलेली कांदाचाळ. पीक शेतात येते आणि खाणारी माणसे घरात राहतात. पण शेतातले पीक घरापर्यंत किंवा बाजारापर्यंत पोहोचते ते या मधल्या जागेतून.

या जागेवर हक्क कोणाचा, हा या लेखाचा प्रश्न आहे. कायद्याचे उत्तर सोपे आहे. ज्याच्या नावावर सातबारा, त्याची जागा. पण माणसाने माणसाशी कसे वागावे, या अंगाने विचार केला तर उत्तर इतके सरळ राहत नाही. विशेषतः वाटणीची वेळ आली की राहत नाही.

आधी सातबारा या जागेला काय म्हणतो ते पाहू. इंग्रजांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर भागात नव्या पद्धतीची जमीनमोजणी सुरू केली आणि पुढे ती मुंबई इलाख्यात सर्वत्र लागू झाली. त्या मोजणीचा हेतू सारा ठरवणे हा होता. साहजिकच ज्या जमिनीत पीक येत नाही ती बाजूला काढली गेली. आजच्या सातबाऱ्यावर तिला पोटखराब म्हणतात. सर्व्हे नंबरच्या पोटात असलेली, पण लागवडीला निरुपयोगी जमीन. खडक, नाला, खाच-खळगे यांच्या जोडीला शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतघराची आणि खळ्याची जागाही त्यातच धरली जाते. १९६८ च्या महसूल नियमांत पोटखराबाचे दोन वर्ग आहेत. मालकाची शेतघरे आणि खळी 'अ' वर्गात येतात. सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा, रस्ता, वहिवाटीची पाऊलवाट, इतरांच्याही वापराचा नाला किंवा तळे, कोणत्याही समाजाची दफनभूमी किंवा दहनभूमी आणि गावच्या कुंभारांसाठी नेमलेली जागा 'ब' वर्गात.

या नियमांची भाषा रुक्ष आहे, परंतु त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. एका माणसाच्या नावावरच्या जमिनीच्या पोटातही दुसऱ्यांचे हक्क असू शकतात, हे सरकारी दप्तरालाही मान्य आहे. दुसऱ्याच्या पायवाटेवर किंवा दुसऱ्याच्या कबरीवर नांगर फिरवता येत नाही. 'ब' वर्गाने हे हक्क सांभाळले. मात्र 'अ' वर्गाची जागा सर्वस्वी मालकाची मानली गेली. माझे म्हणणे असे की त्या 'अ' वर्गातल्या खळ्यात, गोठ्यात आणि विहिरीवरही दुसऱ्यांचे हक्क होते आणि आहेत. त्यांची नोंद कोणी घेतली नाही, एवढेच.

खळ्याचेच पाहा. बाजरीची कणसे खळ्यात यायची. त्याआधी जमीन चोपून, शेणाने सारवून घ्यावी लागे. हे काम घरातल्या बायांचे. मध्ये तिवडा रोवून बैलांची पात फिरे. मग वारा पाहून उफणणी होई. रास पडली की मालक ती घरात नेण्याआधी गावातले अनेक लोक खळ्यावर येत. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, चांभार, मांग, महार असे बलुतेदार आपला वर्षाचा वाटा तिथेच घेत. आपल्या समाजातला मुलाणीही त्यात असे. कोठे त्याला बलुत्यात धरत, कोठे अलुत्यात. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला. त्या ग्रंथात या देण्याघेण्याची व्यवस्था सविस्तर आली आहे. शेतात सरवा वेचणाऱ्या गरीब बाया होत्या, राशीच्या कडेला टिपणारी पाखरे होती. पिकातून पहिला वाटा कोणाकोणाला जातो ते खळ्यावर सर्वांच्या डोळ्यांदेखत ठरत असे.

हे चित्र गोड करून सांगण्याचे कारण नाही. त्याच खळ्यावर महाराला आणि मांगाला दूर उभे राहून वाटा घ्यावा लागे. तो त्याच्या कामाचा मोबदला होता, तरी भीक दिल्यासारखा दिला जाई. महार वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो लढा दिला तो याच अपमानाविरुद्ध होता. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला, आणि ते योग्यच झाले. तेव्हा जुने खळे परत आणा असे मी म्हणत नाही. त्या व्यवस्थेत अन्याय होता, पण एक जाण होती. पीक एकट्या मालकाच्या मेहनतीचे नसते, ही ती जाण. अन्याय जाताना ही जाणही सोबत गेली असेल, तर ते मात्र नुकसान आहे.

आपल्या धर्मशास्त्रातही ही जाण स्पष्ट दिसते. पिकातला हक्क कापणीच्याच दिवशी द्यावा, अशी शिकवण सूरा अल्-अनआममध्ये आहे. त्यावरून उश्राचा विचार झाला. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा आणि मेहनतीने पाणी घालून काढलेल्या पिकाचा विसावा हिस्सा. हा फरक का केला असेल, याचा आपण फारसा विचार करत नाही. शेत तेच, पीक तेच, तरी देणे निम्मे. याचे कारण विहीर, मोट, बैल आणि ते हाकणारा माणूस. पाणी वर काढण्याची मेहनत फुकहांनी हिशेबात धरली. सातबारा ज्या जागेला शून्य मानतो, त्याच जागेवरच्या कष्टामुळे शरीअतचे माप बदलते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

कांद्याच्या बाबतीत तर आणखी एक रंजक मतभेद आहे. इमाम अबू हनीफा यांच्या मते जमिनीतून निघणाऱ्या भाजीपाल्यावरही उश्र लागतो. त्यांचेच शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहंमद यांचे म्हणणे असे की जे उत्पन्न वर्षभर टिकते त्यावरच तो लागतो. आमच्याकडचा उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि चाळीत नीट ठेवला तर दिवाळीच्या आसपासपर्यंत राहतो. भाजीसारखा चार दिवसांत सडत नाही आणि धान्यासारखा वर्षभर टिकतही नाही. तो जितका टिकतो तितका चाळीमुळे टिकतो. जमिनीपासून उंच उचललेला तळ, बाजूंनी हवा खेळण्यासाठी बांबूच्या किंवा जाळीच्या भिंती, वर उतरते छप्पर आणि चार-पाच फुटांपेक्षा जास्त न होणारा थर. एवढी काळजी घेतली तरी वजन घटते, काही कांद्याला कोंब येतात, काही सडतो.

सडलेला कांदा शोधून बाहेर काढणे, चांगला वेगळा करणे, गोल्टी बाजूला टाकणे हे काम करतात बाया. घरच्या आणि रोजाच्या. उग्र वासात, पत्र्याखालच्या उकाड्यात, तासन् तास खाली बसून. उमराण्याच्या किंवा लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर उभा राहतो तेव्हा लिलावात भाव पुकारला जातो तो या निवडीवर. पण पट्टी बनते मालकाच्या नावाने. चाळीसाठी सरकारी अनुदान मिळते, त्याच्या अर्जाला स्वतःच्या नावाचा सातबारा जोडावा लागतो. ज्यांच्या हातांनी चाळ चालते त्यांतल्या किती जणींच्या नावावर सातबारा असतो, हे प्रत्येकाने आपापल्या गावात मोजून पाहावे.

आता वाटणीकडे येऊ. समजा, आईवडील दोघेही वारले आणि मागे तीन भाऊ व एक बहीण आहेत. जमीन एकवीस एकर. शरीअतच्या हिशेबाने भावाचे दोन भाग, बहिणीचा एक, असे एकूण सात भाग होतात. प्रत्येक भावाला सहा एकर आणि बहिणीला तीन. हा हिशेब पाचवीतला मुलगाही करील. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, मुलांना अपूर्णांक शिकवताना वारशाची अशी उदाहरणे दिली तर ती पटकन समजतात. पण फळ्यावर चटकन सुटणारे उदाहरण घरात वर्षानुवर्षे सुटत नाही. बहिणीच्या तीन एकरांच्या जागी हक्कसोड पत्र येते. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. भाऊ म्हणतो, तिने राजीखुशीने दिले.

येथे एक मुद्दा नीट तपासावा लागेल. हिबा, म्हणजे बक्षीस, पूर्ण व्हायला तीन गोष्टी लागतात. देणाऱ्याने देतो म्हणणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे. जी वस्तू बहिणीच्या ताब्यात कधी आलीच नाही, जिचे उत्पन्न तिने एक हंगामही घेतले नाही, जिच्यावर तिचे नावही चढले नाही, ती तिने दिली असे कशाच्या आधारावर म्हणायचे? आधी तिच्या हाती द्या, दोन हंगाम तिला कसू द्या किंवा खंडाने लावू द्या, मग तिला वाटले तर ती भावाला परत देईल. ते देणे खरे देणे होईल. वारसा थोडा असो वा पुष्कळ, त्यात पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही हिस्सा आहे, हे सूरा अन्-निसामध्ये आलेले आहे. 'थोडा' या शब्दाकडे माझे लक्ष जाते. थोड्यात खळेही आले, गोठाही आला, चाळीतली एक बाजूही आली.

कायद्याची बाजूही येथे दुबळी आहे. १९३७ च्या शरीअत अॅक्टमध्ये शेतजमिनीचा प्रश्न कलम २ मध्येच वगळला गेला. मद्रासने १९४९ साली आणि केरळने १९६३ साली दुरुस्ती करून ती उणीव दूर केली. महाराष्ट्राने तसे केलेले नाही. हिंदू वारसा कायद्यातली शेतजमिनीची तशीच पळवाट २००५ च्या दुरुस्तीने बंद झाली. याचा अर्थ आपल्याकडच्या बहिणीचा हक्क संपला असा नव्हे. पण ज्याला द्यायचे नसते त्याला हे वगळणे आयते सापडते. घरात हिस्सा देतो, शेतात नाही, असे तो म्हणतो. मग गोठा आणि खळे कशात धरायचे? ते घर आहे की शेत? बहिणीला देण्याची वेळ आली की ते शेत होते. आणि लग्नाआधी तिने तिथे शेण काढले, सडा टाकला, कडबा वाहिला, तेव्हा मात्र ते घरकाम होते. एकाच जागेची दोन नावे, आणि दोन्ही नावांनी तोटा तिचाच.

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क, सोसायटीचा बोजा अशा नोंदी त्यात होतात. अनेक घरांत बहिणींची नावेही मालकांच्या रांगेत न येता याच रकान्यात लागलेली आढळतात. वाट, पाणी, कर्ज आणि बहीण! ज्यांच्यामुळे शेती शेती राहते त्या सगळ्यांना आपण 'इतर' म्हणतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. भाऊ म्हणतील, तुम्ही सामाईक जागेचे गुणगान करता, पण भांडणे तिथेच होतात. विहिरीच्या पाळीवरून डोकी फुटली आहेत. गोठ्याच्या भिंतीवरून चुलतभाऊ पिढ्यान् पिढ्या बोलत नाहीत. स्वच्छ वाटणी करून मध्ये भिंत घातली तर निदान शांतता तरी मिळते. शिवाय शेतीचे तुकडे इतके लहान झाले आहेत की दोन गुंठे खळ्यासाठी मोकळे ठेवणे कोणाला परवडते? मळणीयंत्र आले, खळे गेले. पंप आला, धाव गेली. जे गेले त्याच्यासाठी का रडायचे?

याचे माझे उत्तर असे. वाटणीला माझा विरोध नाही. वाटणीतही इन्साफ असू शकतो, किंबहुना शरीअतचा सारा वारसाशास्त्राचा डोलारा वाटणी नीट व्हावी म्हणूनच उभा आहे. पण जमीन वाटली म्हणजे संबंध संपत नाहीत, हेही आपल्या फुकहांना ठाऊक होते. शुफा म्हणजे विक्रीच्या वेळी आधी विचारले जाण्याचा हक्क. हनफी मतात तो तिघांना दिला आहे. पहिला मान सहहिस्सेदाराचा, दुसरा वाट किंवा पाणी सामाईक असणाऱ्याचा आणि तिसरा लगतच्या शेजाऱ्याचा. यातला केवळ शेजारपणाचा हक्क १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने घटनेशी विसंगत ठरवला, आणि त्यामागची कारणेही समजण्यासारखी आहेत. तरी यातला मधला माणूस विसरू नये. ज्याच्याशी माझे रक्ताचे नाते नाही, जमिनीत भागीदारी नाही, पण ज्याची बैलगाडी माझ्या वाटेने जाते आणि ज्याच्या शेताला माझ्याच पाटाचे पाणी मिळते, तो मला परका नाही. वाट आणि पाणी यांनीही नाते जडते.

दुसरा एक मार्ग लोक सुचवतात, तो जतनाचा. जुने गोठे, खळी, बैलगाड्या यांचे संग्रहालय करावे. जगात हे झालेले आहे. स्वीडनमध्ये आर्तुर हाझेलियस यांनी १८९१ साली स्टॉकहोमला स्कानसेन नावाचे खुले संग्रहालय उघडले. देशभरातून जुनी शेतघरे, कोठारे उचलून तिथे आणून उभी केली. आपल्याकडे कोल्हापूरजवळ कणेरी मठावर बलुतेदार, शेतकरी, खळे यांच्या माणसाएवढ्या मूर्ती असलेले संग्रहालय आहे. मुलांना दाखवायला ते चांगलेच आहे. पण मूर्ती वाटा मागत नाही. उफणणारी ती बाई संध्याकाळी घरी काय घेऊन गेली, हे तिथे कळत नाही. वास्तू जपली आणि हक्क विसरला तर आपण फक्त दगड-लाकूड जपले असे होईल.

मग करायचे काय? मला वाटते, वाटणीचा कागद लिहिण्याआधी सर्व वारसांनी, बहिणींसह, एकदा मळ्यात उभे राहावे आणि जे सातबाऱ्यावर शून्य आहे त्याची यादी करावी. विहीर कोणाच्या काळात खणली, तिच्या कर्जासाठी कोणाचे दागिने गहाण पडले. चाळ कोणाच्या मजुरीतून उभी राहिली. झाडे कोणी लावली. मागच्या शेतकऱ्याची वाट कोठून जाते. बांधावर एखाद्या पिराचे ठिकाण असेल आणि तिथे कोणी हिंदू कुणबी गुरुवारी दिवा लावत असेल, तर त्याचे येणे-जाणे कसे राहील. आखाजीला ज्याचे साल संपते तो सालदार इतकी वर्षे ज्या खोलीत राहिला, ती खोली उद्या पाडायची तर तो कोठे जाईल. ही यादी झाल्यावर मग एकर आणि गुंठे मोजावेत. वाट आणि पाणी यांच्या नोंदी स्पष्ट लिहून घ्याव्यात. बहिणीचे नाव मालकांच्या रांगेत लागावे. आणि चाळीचे उत्पन्न वाटताना चाळीतल्या कष्टाचा वाटा आधी काढावा, मग मालकीचा.

यात अवघड असे काही नाही. अवघड आहे ती फक्त आपली सवय मोडणे.

हा हिशेब आता पुढे ढकलण्यासारखाही राहिलेला नाही. २०१८ साली शासनाने पोटखराबाच्या नियमात दुरुस्ती केली. शेतकऱ्याने सुधारून लागवडीखाली आणलेले 'अ' वर्गाचे क्षेत्र आता लागवडीयोग्य म्हणून नोंदवता येते आणि त्यावर आकारणी होते. कर्जासाठी, नुकसानभरपाईसाठी ते शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल, म्हणून हा निर्णय स्वागतार्हच आहे. पण त्याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. आजवर जे क्षेत्र कोणी मोजले नाही म्हणून कोणी मागितलेही नाही, ते आता आकड्यांत येत आहे. जुन्या खळ्याचे, पडक्या गोठ्याचे, बुजलेल्या धावेचे गुंठे उद्या सातबाऱ्यावर चढतील. ते ज्या दिवशी चढतील त्या दिवशी बहिणीला बोलावणे जाईल की नाही, यावर आपल्या घराचा इन्साफ ठरेल. एकवीस एकरांच्या वेळी तिने सही केली असेल. या गुंठ्यांवर तिने अजून काहीही सोडलेले नाही.